बापूसाहेबांसाठी भोंगा

चोर पकडायचं यंत्र मी बसवलं ते चोरासाठी नव्हे, माझ्या वडिलांसाठी. हे आधीच सांगून टाकतो, कारण अकोल्यात आमच्या गल्लीत अजूनही दोन पक्ष आहेत. एक म्हणतो सरांकडे, म्हणजे माझ्याकडे, सोनं आहे, दुसरा म्हणतो सरांच्या डोक्यात बिघाड आहे. खरी हकिगत ऐकायला कोणालाच वेळ नाही, म्हणून लिहायला बसलो.

बापूसाहेब, म्हणजे माझे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर दिवाणी वकिली केली. कोर्ट सुटून जमाना झाला, उलटतपासणी सुटली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी माझ्या बायकोला, आरतीला, विचारतात, "मीठ टाकताना तुझ्याशिवाय स्वयंपाकघरात कोण हजर होतं?" घरात आम्ही एरवी शुद्ध बोलतो. वऱ्हाडी फक्त रागात आणि प्रेमात येते, आणि बापूसाहेबांच्या बाबतीत यातलं कुठलं चाललंय हे अर्धं वाक्य झाल्याशिवाय कळत नाही.

तर मागच्या वर्षी मे महिन्यात हे बापूसाहेब भर दुपारी घरातून गायब झाले. अकोल्याची मेची दुपार ज्याने पाहिली नाही त्याला काय सांगावं? रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. लोकं कूलरसमोर ओल्या फरशीवर आडवी पडतात आणि पाच वाजेपर्यंत शहर बंद. अशा वेळी एक ऑटोवाला बापूसाहेबांना घेऊन आला. चेहरा लाल, तोंडाला कोरड, आणि वर त्याच्याशीच भाड्यावरून युक्तिवाद चालू. रात्री ताप चढला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, या वयात पुन्हा लागलं तर मी जबाबदार नाही. कुठे गेले होते, हे बापूसाहेबांनी सांगितलं नाही. "साक्षीदाराला उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही," एवढंच म्हणाले.

मी फाटकाला कुलूप लावायचं ठरवलं. त्यावर ते आरामखुर्चीतून ताडकन उठले.

"दिगंबर, मले कोणत्या कलमाखाली कोंडून राहिला तू?"

कुलूप परत पेटीत गेलं. पण माझी काळजी काही पेटीत गेली नाही. आई, म्हणजे विमलबाई, जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आता हेही उन्हात कुठेतरी पडले तर? मला बाकी कशाचीच भीती नव्हती, तेवढ्याचीच होती.

उपाय सापडला अमरावतीला. माघात बहिणीकडे गेलो होतो. तिची मुलगी देवश्री इंजिनिअरिंगला आहे. तिने टेबलावर एक तळहाताएवढी निळी पाटी ठेवली आणि म्हणाली, "मामा, हा मायक्रोकंट्रोलर. आणि हे पांढरं टोपण आहे ना, हा सेन्सर. माणूस समोरून गेला की याला त्याच्या अंगाची उष्णता कळते. कळली की बजर वाजतो."

मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं आहे. उष्णतेच्या धड्यावर तर माझी एवढी हुकूमत, की शेजारच्या तुकडीतली मुलंही खिडकीशी येऊन ऐकत. मला कोणी भाचीने विज्ञान शिकवावं, हे मनाला लागलं. पण मी मान हलवली आणि तीन वायरी जोडल्या. दोन उलट्या जोडल्या. त्या देवश्रीने काही न बोलता सरळ केल्या, आणि तिचं ते न बोलणंच मला जास्त झोंबलं.

चाचणी मात्र झकास झाली. माझे मेहुणे ओमप्रकाशराव, साखरेचे पेशंट, फ्रीजकडे चोरपावलांनी निघाले आणि यंत्र असं केकाटलं की त्यांच्या हातातली वाटी पडली. बहीण म्हणाली, "दादा, हे इथेच राहू दे, तू दुसरं कर." मी छाती फुगवून यंत्र पिशवीत घातलं आणि अकोल्याची गाडी धरली. गार हवा, खिडकीतून येणारा हरभऱ्याचा वास. विज्ञानावर माझी श्रद्धा त्या दिवसाइतकी कधीच नव्हती.

बापूसाहेबांना सांगितलं, "चोऱ्या वाढल्या आहेत." ते म्हणाले, "आपल्याकडे नेण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "तरी पण." ते म्हणाले, "तरी पण हा पुरावा नव्हे." पण ओसरीच्या खांबावर, फाटकाकडे तोंड करून, मी ते बसवलंच.

पहिली अडचण, बजर. तो रुपयाच्या नाण्याएवढा आणि आमचा कूलर पंख्यासकट कपाटाएवढा. कूलर लागला की शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी ऐकू येत नाही. हे मी फाटकाशी उभं राहून आरतीला ओरडून सांगत होतो, ते शेजारच्या शालिकरामजींनी ऐकलं. ते जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेत आणि सल्ला देण्याचं काम त्यांनी तेव्हापासून पूर्णवेळ घेतलं आहे.

"सर, भोंगा पाह्यजे भोंगा! आमच्या जिनिंगचा भोंगा वाजला का नांदगाव खंडेश्वरातली बाई तिथं कुकर उतरवे."

नांदगाव खंडेश्वर तिथून किती लांब आहे हे मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ते मुलाच्या माल वाहायच्या गाडीचा जुना हॉर्न घेऊन आले. गाडी मागे घेताना वाजतो तो. यंत्राला जोडला, मी समोरून चाललो, आणि एक बाई खणखणीत हिंदीत म्हणाली, "सावधान! गाडी पीछे आ रही है!"

"शालिकरामजी, हे काय?"

"आवाज मोठा आये का नाई, ते सांगा."

आवाज मोठा होता, यात वाद नाही. फाल्गुन-चैत्रात त्या बाईने एक माणूस सोडला नाही. दूधवाला, पोस्टमन, मांजर, सगळ्यांना गाडी ठरवलं. भांडी घासायला येणाऱ्या पार्वताबाई तर पहिल्या दिवशी फाटकातच थबकल्या.

"बाईसाहेब, मी काय टरक हाय का जी? आन् मांगं कुठं येऊन राहिली मी, समोर येऊन राहिली ना!"

त्यांना समजवायला आरतीला चहा करावा लागला. मग रोजच करावा लागला.

गल्लीतले स्कूटरवाले आवाज ऐकून दचकून बाजूला होत. एक जण बाजूला होता होता नालीत गेला आणि त्यावरून हवालदार आले. ते ओसरीत उभे, डोक्यावर भोंगा.

"गाडी कुठाय?"

"गाडी नाही. चोरासाठी यंत्र आहे."

"मंग चोर आला तर ही बाई त्याले गाडी पीछे आ रही है सांगन? चोर बाजूले होईन सर, पळून कायले जाईन?" त्यांनी घरात डोकावून पाहिलं. "आन् आतमंदी हाय काय एवढं?"

"काहीच नाही."

"काईच नाई तर यंत्र काहून लावलं?"

मी उत्तर द्यायच्या आत खुर्चीतून बापूसाहेबांचा आवाज आला, "माझा अशील या प्रश्नाचं उत्तर देणार नाही." झालं! त्याच संध्याकाळी सरांकडे सोनं असल्याची बातमी चौकापर्यंत पोचली. शेंदूरजनाघाटला आमच्या आजोबांची संत्र्याची बाग होती, तिच्या विक्रीचं ते सोनं, असा तपशीलही लोकांनी स्वतःच भरला. खरं म्हणजे आमच्या आजोबांनी संत्री फक्त विकत घेऊन खाल्ली.

भोंग्याची परवानगी घ्या, म्हणून हवालदार गेले. एका कार्यालयात गेलो तर म्हणाले, भोंगा आमच्याकडे नाही, आवाजाचं दुसरीकडे. दुसरीकडे म्हणाले, हा तर वाहनाचा हॉर्न, वाहनाचं तिसरीकडे. तिसरीकडच्या साहेबांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे, गाडी घेऊन या." गाडी नाही म्हटलं तर म्हणाले, "मग मागे काय येतं?" साहेब माझ्याच हाताखालून गेलेला विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही उष्णता काय शिकवायचे!" असं म्हणून त्याने पाया पडून मला परत पाठवलं. परवानगी आजतागायत मिळालेली नाही.

अक्षय तृतीया झाली, ऊन चढलं, आणि चमत्कार झाला. दुपारी भोंगा वाजेनासा झाला. सकाळी वाजे, पण जेवणं झाल्यावर चिडीचूप. याचा अर्थ उघड होता. बापूसाहेब जागचे हलत नव्हते, यंत्राचा धाक बसला होता. मी देवश्रीला फोन करून सांगितलं, की तुमच्या अमरावतीत नुसती वाटी पडली, इथे माणूस सुधारला. मग कूलरसमोर पाय पसरून निवांत झोपू लागलो.

फक्त तीनच्या सुमारास एकदा ती बाई ओरडायची. धावत ओसरीत जावं तर बापूसाहेब आरामखुर्चीत, डोक्यावर ओला दुपट्टा, हातात पेपर.

"काय झालं बापूसाहेब?"

"अंगणातल्या नळावर तोंड धुतलं. त्यालाही परवानगी लागते का?"

ओला दुपट्टा पाहिला की मला बालपण आठवे, आणि मी पुढे काही विचारायचं विसरून जाई. तेव्हा उन्हाळ्यात सकाळचं कोर्ट असे. बापूसाहेब भर उन्हात सायकलवरून घरी येत. फाटकाशी आईची पाणपोई होती. अक्षय तृतीयेला दोन रांजण मांडायची, लाल ओलं फडकं गुंडाळायची, वाळा टाकायची. मृगापर्यंत येणारा-जाणारा तिथे पाणी पिऊन जाई. बापूसाहेब आधी तिथे थांबत, ओगराळंभर पाणी डोक्यावर ओतत. तो पाण्याचा आवाज आत आला, की आम्ही भावंडं पत्ते सतरंजीखाली ढकलून पुस्तकं उघडायचो. सुट्टीत कसला अभ्यास, असं कोणी विचारू नये. सुट्टी शाळेला असे, आम्हाला नसे. एकदा घाईत मी पुस्तक उलटं धरलं होतं. आईने येता-जाता ते सरळ करून दिलं आणि हसू दाबत पन्हं आणायला गेली. फार गोड दिवस होते ते. आई गेली आणि रांजणही गेले. पाणी गाळायचं मशीन आलं, त्याला वाळ्याचा वास येत नाही.

तर एके दिवशी वर्तमानपत्रवाले म्हणत होते, या मोसमातला सगळ्यात तापलेला दिवस. मी झोपलो. जागा झालो तर चार वाजून गेलेले, आणि भोंगा वाजलाच नव्हता. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ओसरीत आलो. खुर्ची रिकामी, पेपर जमिनीवर, चपला नाहीत.

"आरती! बापूसाहेब नाहीत!"

यंत्राचा हिरवा दिवा ढिम्म चालू होता. मी त्याच्यासमोर हात हलवले, उड्या मारल्या. ती बाई गप्प. चैत्रात मांजराला न सोडणारी बाई, आता साक्षात घरमालक समोर नाचतोय तर दखल घेईना! शालिकरामजी भिंतीवरून पाहत होते. "सर, बाप हरवला आन् तुमी नाचून काहून राहिले?" एवढा अपमान माझा शाळेच्या तपासणीतही झाला नव्हता.

ऊन लागू नये म्हणून आरतीने माझ्या खिशात कांदा कोंबला, मी दुपट्टा गुंडाळला आणि स्कूटर काढली. सीट अशी तापलेली की पहिला चौक उभ्यानेच पार केला. जुन्या कोर्टाच्या आवारात पाहिलं, देवळात पाहिलं, सरकारी दवाखान्याच्या दारात तर पाय आत टाकवेना. प्रत्येक सावलीत एक म्हातारा दिसत होता आणि तो बापूसाहेब नव्हता. डोळ्यांत पाणी येत होतं, ते बाहेर येण्याआधी वाळत होतं. मनात म्हटलं, देवा, या वेळी सापडू दे, मी फाटकसुद्धा काढून टाकतो.

बसथांब्याजवळ दाऊदभाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथपर्यंत आलो आणि रस्ता हलायला लागला. स्कूटर कशीबशी उभी केली आणि कडुलिंबाच्या बुंध्याशी बसलोच.

"या अल्ला, ये तो सर है!" दाऊदभाई धावत आले. "वकीलसाब, तुमचा पोरगा पडला ना इथं!"

मी मान वर केली. लिंबाखाली तिवईवर दोन रांजण, त्यांना लाल ओलं फडकं. शेजारी लाकडी खुर्ची. मागून दुकानातला भलामोठा कूलर त्या खुर्चीवर गार वारा सोडत होता. आणि खुर्चीत हातात लांब दांड्याचं ओगराळं घेऊन बापूसाहेब, एकदम टवटवीत. बस चुकलेल्या बायका, हमाल, कॉलेजची पोरं ओंजळी करून रांगेत उभी.

"सरका," बापूसाहेब रांगेला म्हणाले. "हा तातडीचा अर्ज आहे."

त्यांनी पहिलं ओगराळं माझ्या डोक्यावर ओतलं. दुसऱ्याला म्हणाले, "ओंजळ कर." मी ओंजळ केली. ते वरून हळूहळू ओतत राहिले आणि मी पीत राहिलो. पाण्याला वाळ्याचा वास होता. मी एकसष्ट वर्षांचा माणूस रस्त्यावर बसून ढसाढसा रडलो.

"रडून काहून राहिला बे? पाणी पी." हे प्रेमातलं वऱ्हाडी होतं.

जीव थोडा जागेवर आल्यावर मी म्हणालो, "बापूसाहेब, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"उन्हात जाऊ नका म्हणाले. मी उन्हात आहे का?"

नव्हते. उन्हात मी होतो. दाऊदभाईंनी सांगितलं, की त्यांचा ऑटो कोपऱ्यावरून वकीलसाहेबांना आणतो आणि तीनला परत सोडतो. "मांगच्या साली एकटेच पैदल आले, बीमार पडले. मीच म्हनलं, आता पैदल यायचं नाई. आज बस फेल झाली, पब्लिक जास्त होती, तर म्हने थांबतो."

"पण मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतं?" बापूसाहेब ओगराळं पुसत म्हणाले. "तुझ्या आईने पन्नास वर्षं रांजण भरले. ती गेल्यावरची पहिली अक्षय तृतीया आली आणि आपल्या फाटकावर काही नाही. मला घशाखाली घास उतरेना, दिग्या. दारात आता पूर्वीसारखी पायी चालणारी माणसं नाहीत. तहानलेली माणसं इथे आहेत, म्हणून इथे मांडले."

मी विज्ञानाचा आसरा घेतला. "पण तुम्ही यंत्रासमोरून गेलात कसे?"

हा प्रश्न त्यांना हवाच होता. दोन्ही अंगठे कोटात घालायची जुनी सवय, कोट नव्हता म्हणून बंडीत घातले.

"तुझं यंत्र काय ओळखतं?"

"माणसाच्या अंगाची उष्णता."

"नीट सांगा. उष्णता, की आजूबाजूच्या आणि अंगाच्या उष्णतेतला फरक?"

"...फरक."

"माघात अमरावतीला हवा गार, ओमप्रकाशचं अंग गरम. फरक होता?"

"होता."

"मेच्या दुपारी अकोल्यात आपली ओसरी किती तापते? भिंत, फरशी, खांब आणि बापूसाहेब, यांत काही फरक उरतो?"

मी ओल्या केसांतून हात फिरवला.

"साक्षीदार निरुत्तर आहे, याची नोंद घ्यावी. म्हणून जाताना वाजत नाही. येताना मी इथे डोकं भिजवून येतो, गारेगार. तेव्हा वाजतं. तीन दिवसांत लक्षात आलं माझ्या. तू उष्णता किती वर्षं शिकवली म्हणालास?"

रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतला एक माझ्याच शाळेचा होता.

स्कूटर तिथेच ठेवून आम्ही दोघं दाऊदभाईंच्या ऑटोतून परत आलो, डोक्यापासून ओले. फाटक उघडलं आणि ती बाई जीव तोडून ओरडली, दोघांसाठी दोनदा. आरती धावत बाहेर आली, बापूसाहेबांना पाहून पायरीवरच बसली आणि रडता रडता आधी मला रागावली. शालिकरामजी भिंतीवरून म्हणाले, "पाहा! भोंगा कोनी देल्ला होता?"

देवश्रीला फोन केला. ती म्हणाली, "मामा, दुसरा सेन्सर मिळतो, उष्णतेवर न चालणारा. तो लावला की आजोबा जातानाही वाजेल." मी म्हटलं, नको. जाणारा माणूस ऑटोत जातो, कूलरसमोर बसतो, त्याची काळजी दाऊदभाई करतात. मला आलेला कळला म्हणजे पुरे.

आता सकाळी रांजणांसाठी वाळा आरती निवडून देते. दुपारी दार मीच उघडून देतो, बापूसाहेब भिंतीसारखे तापलेले यंत्रासमोरून जातात आणि यंत्राला पत्ता लागत नाही. मग मी आडवा होतो. झोप काही येत नाही, खरं सांगायचं तर कान फाटकाकडे असतो. तोवर मोबाइलवर पत्ते खेळतो.

काल तीन वाजता बाई ओरडली, "सावधान!" तिचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ताडकन उठून बसलो, मोबाइल सतरंजीखाली सारला आणि हाताला लागलं ते पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं. बाहेर चपला वाजल्या. ओला दुपट्टा झटकत बापूसाहेब दारात उभे राहिले.

"चाललाय का अभ्यास?"

"हो, बापूसाहेब."

आरती पाण्याचा तांब्या घेऊन आली. जाता जाता तिने माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, सरळ करून परत दिलं, आणि हसू दाबत पन्हं आणायला आत गेली.